पोलादी फणीवरचं नाताळगीत

तळहातावर मावेल एवढी लाकडी डबी आणि तिच्या कुशीतून बाहेर आलेलं वाकडं हँडल. ते फिरवलं की ‘सायलेंट नाइट’ची चाल वाजू लागते. युरोपातल्या नाताळच्या बाजारात अशा डब्यांच्या राशी लागतात आणि घेणारे बहुतेक करून त्या लहान मुलांसाठी घेतात. गाण्यातली जाणकार माणसं त्यांच्याकडे वळूनही पाहत नाहीत. चर्चचा घुमणारा ऑर्गन आणि कॉयरचे भरदार आवाज यांच्यापुढे ही किणकिण म्हणजे मूळ गाण्याची खेळण्यातली नक्कल, असा त्यांचा समज असतो. मला तो चुकीचा वाटतो. हे गाणं पहिल्यांदा कसं वाजलं ते पाहिलं, तर ऑर्गनपेक्षा ही डबीच त्याला जवळची आहे.

साल्झबर्गच्या उत्तरेला साल्झाख नदीकाठी ओबर्नडॉर्फ नावाचं नावाड्यांचं गाव आहे. तिथल्या संत निकोलस चर्चमध्ये योझेफ मोर हा सहायक पाद्री होता, वय अवघं २६. त्याने १८१६ मध्ये लिहिलेली सहा कडव्यांची एक कविता त्याच्याजवळ होती. २४ डिसेंबर १८१८ रोजी त्याने ती फ्रान्झ झावर ग्रुबरच्या हाती दिली. ग्रुबर शेजारच्या आर्न्सडॉर्फचा शाळामास्तर, आणि ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये ऑर्गनही वाजवायचा. दोन आवाज, कोरस आणि साथीला गिटार अशी चाल मोरला हवी होती. ग्रुबरने ती त्याच दिवशी बांधली. रात्री मोरने वरचा आवाज घेतला आणि गिटारही धरली, ग्रुबर खालच्या पट्टीत गायला.

उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट पुढे कोणीतरी रचली. ग्रुबरने १८५४ मध्ये गाण्याच्या जन्माची हकिगत स्वतः लिहून ठेवली, तिच्यात ना उंदीर आहेत ना बिघडलेला ऑर्गन. म्हणजे हे गाणं मुळातच छेडलेल्या तारेसोबत म्हणायचं होतं. ऑर्गन काय किंवा आपली पेटी काय, दोन्ही हवेवर चालतात आणि बोट उचलेपर्यंत सूर धरून ठेवतात. तार छेडली की सूर लखकन उमटतो आणि त्याच क्षणी ओसरायला लागतो. या डबीतला, म्हणजे म्युझिक बॉक्समधला सूरही असाच छेडलेला असतो, फक्त तारेच्या जागी पोलादाचा दाता असतो.

या दात्यांची कुळी निराळी आहे. ठरावीक जागी खुंट्या बसवलेला रूळ फिरवून वाद्य आपोआप वाजवायची कल्पना फार जुनी. नवव्या शतकातल्या बगदादमध्ये बनू मूसा बंधूंनी आपोआप वाजणाऱ्या बासरीचं यंत्र वर्णन करून ठेवलं आहे. फ्लँडर्समधल्या मनोऱ्यांवरच्या घंटा अशाच मोठाल्या रुळांवर वाजत. साल्झबर्गच्या किल्ल्यावर १५०२ मध्ये बसवलेला ऑर्गन रुळावरच चालतो, म्हणजे ग्रुबरच्या गावापासून वीसेक किलोमीटरवर ही विद्या तीनशे वर्षं नांदत होती. पण घंटा आणि नळ्यांना जागा लागते. ते सगळं खिशातल्या घड्याळात कसं मावायचं, हा प्रश्न जिनिव्हाच्या आंत्वान फाव्र या घड्याळजीने सोडवला. १७९६ मध्ये त्याने तिथल्या कलासंस्थेपुढे घंटा आणि हातोडी या दोन्हींवाचून वाजणारं यंत्र मांडलं. त्यात पोलादाच्या पातळ पट्ट्या छेडल्या जात होत्या.

जिनिव्हातून हे काम जुरा पर्वतात चढलं आणि तिथलंच होऊन राहिलं. सेंत-क्रुआ हे गाव सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात शेत बर्फाखाली जातं, गुरं गोठ्यात येतात आणि हातांना काम उरत नाही. घड्याळाचे भाग आणि लेस बनवायची सवय तिथल्या घराघरांत होतीच, एकोणिसाव्या शतकात म्युझिक बॉक्सची भर पडली. एका घरात दात्यांच्या फण्या कापल्या जात, दुसऱ्या घरात बायका रुळाच्या छिद्रांत एकेक पिन बसवत. मोठ्या रुळावर अशा पिना हजारांनी असतात. खिडकीशी बसून, केसाएवढ्या पिना चिमट्याने उचलून त्या भोकात घालायच्या, आणि एक जरी तिरपी बसली तर सूर आधी किंवा मागून येणार. पेटीवर नाव मात्र कारखानदाराचं पडे. पिना बसवणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत, याची मला खंत वाटते.

डबीचं झाकण उघडून आत पाहावं. पोलादाची एक फणी, लहान डबीत बहुधा १८ दात्यांची. लांब दाता खर्जाचा, आखूड दाता तीव्र सुराचा. चांगल्या यंत्रात खर्जाच्या दात्यांना खालून शिशाचं वजन लावलेलं असतं, कारण तेवढा खोल सूर नुसत्या लांबीने काढायचा तर फणी डबीबाहेर जाईल. समोर पितळी रूळ. पिन दात्याचं टोक वर उचलते, सोडते, आणि तो थरथरतो. तो अजून थरथरत असताना दुसरी पिन येऊन टेकली तर सुराऐवजी खरखर ऐकू येते. म्हणून भारी पेट्यांत दात्याखाली तारेचा बारीक दाबक असतो आणि वारंवार लागणाऱ्या सुरासाठी एकापेक्षा जास्त दाते राखलेले असतात.

तिकडे ग्रुबरची चालही गाव सोडून निघाली होती. झिलरटाल खोऱ्यातला ऑर्गन बांधणारा कार्ल माउराखर ती आपल्या गावी घेऊन गेला. त्याच खोऱ्यातली स्ट्रासर भावंडं हातमोजे विकायला जत्रांतून हिंडत आणि गाणीही म्हणत. १८३२ मध्ये त्यांनी लाइपझिगच्या मैफलीत हे गाणं गायलं आणि थोड्याच काळात ते ड्रेस्डेनमध्ये ‘टिरोलची अस्सल गाणी’ म्हणून छापलं गेलं, कर्त्यांच्या नावाशिवाय. १८३९ मध्ये राइनर घराण्यातल्या गायकांनी ते न्यूयॉर्कला पोचवलं. चाल मायकेल हायडनची असावी असंही बोललं जाई. बर्लिनच्या राजदरबारातून विचारणा आली तेव्हाच, म्हणजे १८५४ मध्ये, ग्रुबरने ते टिपण लिहिलं. मोर तोवर गरिबीतच वारला होता. त्याच्या हस्ताक्षरातली प्रत सापडली ती थेट १९९५ मध्ये. पिना बसवणाऱ्या बायकांसारखंच हे, फक्त ग्रुबर आणि मोर यांना उशिरा का होईना न्याय मिळाला.

ज्या लाइपझिगने हे गाणं डोक्यावर घेतलं, तिथेच १८८० च्या दशकात पाउल लोखमानने रुळाऐवजी धातूच्या तबकडीवर चालणारा म्युझिक बॉक्स बाजारात आणला. तबकडी बदलली की गाणं बदललं. पण एडिसनचा फोनोग्राफ १८७७ मध्येच आला होता, आणि माणसाचा खरा आवाज घरात आल्यावर फणीचा धंदा फार काळ टिकणं शक्य नव्हतं. सेंत-क्रुआच्या कारखान्यांनी ग्रामोफोन, पुढे सिनेकॅमेरे करून पोट भरलं. तिथल्या रयूज कंपनीने मात्र फणी सोडली नाही. जुरातल्या घड्याळ आणि यांत्रिक कलेच्या कारागिरीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, ती अशांच्या चिकाटीमुळे. स्वस्त डब्या जपानच्या सुवा सरोवराकाठी आणि नंतर चीनमधल्या निंगबोमध्ये लाखांनी बनल्या.

हँडलची डबी ही या कुळातली धाकटी. भारी पेटीला चावी, स्प्रिंग आणि वेग आवरणारा छोटा पंखा असतो, लय कारखान्यातच ठरते. मुलांसाठी स्वस्तात करायचं म्हणून कारागिरांनी स्प्रिंग आणि पंखा काढून टाकले आणि हँडल बसवलं. काटकसर म्हणून केलेल्या या बदलाने लय वाजवणाऱ्याच्या हाती आली. या चालीला ते फार मानवतं. ती सहा मात्रांची आहे, तीन-तीनच्या डोलाची, आपल्या दादऱ्याच्या जवळची. चर्चमध्ये ती ओढून ओढून इतकी संथ करतात की डोल नाहीसा होतो. हँडल एका गतीने, जरा मोकळ्या हाताने फिरवलं की तो परत येतो. डबी हातात धरून वाजवू नये, लाकडी टेबलावर दाबून धरावी. फणीची थरथर लाकडात उतरते आणि आवाज दुप्पट भरतो.

आता कागदी पट्टीवर भोकं पाडून वाजवायची यंत्रंही मिळतात. साध्या यंत्रात १५ दाते, म्हणजे शुद्ध सुरांची दोन सप्तकं. ग्रुबरची चाल मध्य सप्तकातल्या सा पासून तार सप्तकातल्या मध्यमापर्यंत जाते आणि सगळे सूर शुद्धच लागतात, त्यामुळे ती एकही सूर न गाळता पट्टीवर उतरते. या चालीत तोच सूर लागोपाठ दोनदा लागण्याच्या जागा बऱ्याच आहेत. तिथे दोन भोकं फार जवळ पाडली तर दुसरा सूर वाजतच नाही, तेव्हा सगळी पट्टीच थोडी सैल आखावी आणि हँडल त्या मानाने जरा भरभर फिरवावं.