माशाच्या पोटातले शब्द

‘जरब’ हा आपला रोजच्या वापरातला शब्द. मास्तरांची जरब, फौजदाराची जरब. हा शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याचा पहिला अर्थ ठोका, प्रहार. मोगल बादशहांच्या नाण्यांवर टांकसाळीच्या गावाआधी ‘ज़र्ब’ असं लिहिलेलं असे. अमुक गावी ठोकलेलं नाणं, असा त्याचा अर्थ. हाच शब्द मला २०२३ च्या मे महिन्यात स्पेनच्या दक्षिण टोकाला, एका मासेमारीच्या गावात पुन्हा भेटला. तिथे तो एका जाळ्याच्या नावात दडून बसला होता. त्या गावाची, त्या जाळ्याची आणि तिथे खाल्लेल्या माशाची गोष्ट आज सांगायची आहे.

गावाचं नाव बार्बाते. कादिस प्रांतात, अटलांटिक महासागराच्या काठावर. इथून पूर्वेला गेलं की जिब्राल्टरची सामुद्रधुनी लागते. अगदी अरुंद जागी ती जेमतेम चौदा किलोमीटर रुंद आहे. हवा स्वच्छ असली की पलीकडचे मोरोक्कोचे डोंगर दिसतात. गावाच्या पश्चिमेला एक भूशिर आहे, ट्रफाल्गार. १८०५ साली नेल्सनने फ्रान्स आणि स्पेनच्या आरमाराचा पराभव केला तो इथल्याच समुद्रात. शाळेत आपण हे नाव पाठ केलं, पण त्यातला पहिला तुकडा अरबी ‘तरफ’ आहे हे कुणी सांगितलं नाही. तरफ म्हणजे कड, बाजू. आपण ‘मंडळाच्या तर्फे’ म्हणतो तो हाच शब्द. कोकणात तर जुन्या महसुली विभागांना तर्फच म्हणत, आजही गावांच्या नावात तो सापडतो.

कवींच्या एका मेळाव्यासाठी मी सेव्हिलला गेलो होतो. दोन दिवस मोकळे मिळाले. मी बी.ए.ला इतिहास घेतलेला माणूस, शिवाय कोकणातल्या खाडीकाठचा. मोठी शहरं सोडून बसने मासेमारीच्या गावाला गेलो, यात नवल नाही.

मे महिन्यात या किनाऱ्यावर ट्यूना माशाचा हंगाम असतो. आमच्याकडे त्याच्या लहान भावंडांना कुप्पा म्हणतात. पण हा ब्लूफिन ट्यूना म्हणजे दोन-दोनशे किलोंचं धूड. अटलांटिकच्या थंड पाण्यात वाढतो आणि वसंतात अंडी घालायला सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्रात शिरतो. त्याची ही वाट हजारो वर्षांत बदललेली नाही, म्हणून माणसाला ती पाठ झाली आहे. त्या वाटेवर किनाऱ्याजवळ जाळ्यांचा एक चक्रव्यूह उभारतात. किनाऱ्यापासून समुद्रात जाळ्याची लांब भिंत जाते. मासा भिंतीला अडला की खोल पाण्याकडे वळतो आणि एकामागून एक जाळ्यांच्या खोल्यांत शिरतो. शेवटच्या खोलीला तळालाही जाळं असतं. तिला ‘कोपो’ म्हणतात. होड्या चारी बाजूंनी कोपोला घेरतात, माणसं जाळं वर ओढतात आणि समुद्र उकळल्यासारखा दिसू लागतो. या साऱ्या व्यवस्थेचं नाव ‘अल्मद्राबा’. अरबीत अल्-मद्रबा, म्हणजे ठोकण्याची, प्रहार करण्याची जागा. आपल्या ‘जरब’चाच हा सख्खा भाऊ. कादिसच्या किनाऱ्यावर आज अशी चार ठिकाणं आहेत : कोनील, बार्बाते, साहारा आणि तारिफा.

गावात पर्यटकांसाठी फेरी असते. आम्ही दहा-बारा जण होतो. वाट दाखवणारी मुलगी पंचविशीची, हसतमुख, बोलण्यात तरबेज. तिने जाळ्यांची छोटी प्रतिकृती दाखवली, नांगर दाखवले. मग एका मोठ्या ट्यूनाची कापणी दाखवली. तिला ‘रोन्केओ’ म्हणतात, म्हणजे घोरणं. सुरी माशाच्या कण्यावरून फिरताना घोरल्यासारखा आवाज येतो, त्यावरून हे नाव. खरोखरच तसा आवाज येतो. कापणारा माणूस घाई करत नव्हता. डोक्यावरचं मांस वेगळं, पोटाचं वेगळं, पाठीचं वेगळं. प्रत्येक तुकड्याला नाव होतं आणि प्रत्येक नावाला वेगळा भाव.

शेवटी चाखण्याचा कार्यक्रम. सोबत दिलेला वाइनचा पेला मी शेजाऱ्याकडे सरकवला, तो खूश झाला. पहिल्या ताटलीत काळसर तांबड्या, पातळ चकत्या होत्या. वर ऑलिव्हचं तेल, बाजूला बदाम. हा ‘मोहामा’. ट्यूनाच्या पाठीचे लांब तुकडे मिठात मुरवायचे, धुवायचे आणि वाऱ्यावर टांगून सुकवायचे. पहिला घास तोंडात घेतला आणि मला आमच्या घरची पावसाळ्याची बेगमी आठवली. खाऱ्या मासळीला देश नसतो. दुसऱ्या ताटलीत मंद आचेवर भरपूर कांद्यात शिजवलेला ट्यूना होता, तमालपत्र घातलेला. माझ्या अम्मीने त्यात दोन आमसुलं टाकली असती, एवढाच फरक.

खाता खाता ती मुलगी इतिहास सांगत होती, आणि चांगला सांगत होती. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी फिनिशियन व्यापारी इथे आले. त्यांच्या गादिर शहराच्या, म्हणजे आजच्या कादिसच्या, जुन्या नाण्यांवर ट्यूना कोरलेला आहे. नंतर रोमन आले. जवळच बोलोनियाच्या वाळूत त्यांच्या बाएलो क्लाउदिया या नगराचे अवशेष आहेत. तिथे मासे खारवण्याचे दगडी हौद समुद्राच्या काठाला अजून शाबूत आहेत. माशापासून केलेलं ‘गारुम’ नावाचं आंबवलेलं कालवण इथून रोमपर्यंत जाई. पुढे सरदार-जहागीरदारांचा काळ. १२९४ मध्ये तारिफाचा किल्ला लढवणाऱ्या गुस्मान या सरदाराच्या घराण्याला राजाने या मासेमारीचे हक्क दिले. त्याचे वंशज मेदिना सिदोनियाचे ड्यूक झाले. कित्येक शतकं ट्यूनावर त्यांचीच मक्तेदारी होती. १५८८ मध्ये इंग्लंडवर चालून गेलेल्या स्पॅनिश आरमाराचा सेनापती याच घराण्यातला. साहाराच्या किनाऱ्यावर हंगामात मजूर, भटके, पळून आलेली पोरं यांचा एवढा मेळा जमे की सेर्व्हान्तेसने आपल्या एका कथेत त्या जागेला उडाणटप्पूंची काशीच ठरवून टाकलं आहे.

त्या काळी काही ठिकाणी मासे पकडण्याची रीत वेगळी होती. मनोऱ्यावर बसलेला टेहळ्या माशांचा थवा हेरून खूण करायचा, होड्या जाळ्याने वेढा घालायच्या आणि वाळूवरची शेकडो माणसं दोरखंड ओढून जाळं किनाऱ्याला आणायची. मी मनात म्हटलं, ही तर आमची रापण! आमच्या रापणीत ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. इथला मोठा वाटा ड्यूकचा होता.

आता अरबांकडे येऊ. फिनिशियनांना तिने दहा मिनिटं दिली, रोमनांना पंधरा, ड्यूकना वीस. अरबांच्या वाट्याला एक वाक्य आलं. नंतर अरब आले, त्यांनी जाळ्याला नाव दिलं, मग ते गेले. एवढंच. त्या मुलीच्या मनात काही वाईट नव्हतं, तिला जे शिकवलं ते ती सांगत होती. पण ‘गेले’ हा शब्द माझ्या घशात काट्यासारखा अडकला.

७११ साली तारिक सामुद्रधुनी ओलांडून आला. या किनाऱ्यावर त्यानंतर पाचशे वर्षांहून अधिक काळ मुसलमानांची राजवट होती. इतक्या काळात पाहुणा पाहुणा राहत नाही. तो शेतकरी होतो, विणकर होतो, खलाशी होतो, त्याच मातीत गाडला जातो. तेराव्या शतकात ख्रिस्ती राजांनी हा मुलूख जिंकला. १२६४ च्या उठावानंतर इथल्या बहुतेक मुसलमान कुटुंबांना घरं सोडावी लागली. १४९२ मध्ये ग्रनाडा पडलं. पुढे सक्तीची धर्मांतरं झाली. १५६७ च्या फर्मानाने ग्रनाडातल्या धर्मांतरितांच्या वंशजांना अरबी बोलायला, लिहायला, जुना पोशाख घालायला मनाई झाली. आणि १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्को, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेले हे लोक, जहाजांत बसवून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेऊन सोडले. तेव्हा ते ‘गेले’ नाहीत. त्यांना घालवलं.

माणसं घालवता आली, पण शब्द काढता आले नाहीत. स्पॅनिशमधला ‘आतून’ हा ट्यूनासाठीचा शब्दच मूळ लॅटिन, पण अरबीतून फिरून आलेला. मासा शिजवायचं तेल ‘आसेइते’, तेही अरबी ‘अज़्-ज़ैत’. संत्र्याला तिथे ‘नारान्हा’ म्हणतात. तो शब्द तर आपल्या संस्कृत ‘नारंग’पासून निघून फारसी-अरबीच्या खांद्यावर बसून तिथवर पोचला आहे. ‘मोहामा’ हा शब्द ‘मुशम्मा’पासून आला. त्याचा धातू ‘शमा’, म्हणजे मेण. मेणासारखा घट्ट, चमकदार झालेला मासा! ज्या शमेवर उर्दू शायरांनी हजारो परवाने जाळले, ती शमा इथे खाऱ्या मासळीच्या नावात तेवत होती.

फेरी संपल्यावर बंदराजवळ एक निवृत्त मच्छीमार भेटले. सत्तरी ओलांडलेले. आपल्याकडे असते तर मी त्यांना चाचा म्हटलं असतं. त्या मुलीनेच दुभाष्याचं काम केलं. जाळ्यावरच्या प्रमुखाला, म्हणजे आपल्या तांडेलाला, काय म्हणतात, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘अर्राएस’. अरबी ‘अर्-रईस’. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे रईस म्हणजे श्रीमंत माणूस. ते खो खो हसले आणि त्यांनी आपले रिकामे खिसे बाहेर काढून दाखवले.

त्या हसण्यामागेही इतिहास आहे. बार्बातेच्या होड्या बऱ्याच अंशी मोरोक्कोच्या पाण्यावर जगत. १९९९ च्या अखेरीस युरोपीय संघाचा मोरोक्कोशी असलेला मासेमारी करार संपला, आणि त्याच्या जागी नवा लागू व्हायला २००७ उजाडलं. तोवर अनेक होड्या कायमच्या बंद झाल्या. दुसरीकडे जपानच्या बाजारात ट्यूनाला सोन्याचा भाव आला. मोठ्या जहाजांनी समुद्र खरवडून काढला, मासा संपत आला. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने बचावाची योजना आखली. २०११ मध्ये पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला एकूण कोटा १२,९०० टनांवर आणला. मासा सावरला. २०२१ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याची ‘संकटग्रस्त’ ही नोंद बदलून सर्वांत कमी काळजीच्या वर्गात गेली. लोभाला लगाम घातला तर समुद्र माफ करतो, याचा हा पुरावा. मधल्या पडत्या काळात गावाने पोटासाठी आणखी एक वाट शोधली. आपली गोष्ट सांगायची आणि आपला मासा खाऊ घालायचा. माझी फेरी त्याच धडपडीचं फळ होती. म्हणून मी तिला हसणार नाही.

पण त्याच सामुद्रधुनीतून आजही माणसं येतात, उघड्या होड्यांतून, रात्रीची. १९८८ च्या नोव्हेंबरात तारिफाच्या वाळूवर अशा होडीतले मृतदेह लागले. २०१८ च्या नोव्हेंबरात बार्बातेच्याच हद्दीत, कान्योस दे मेकाच्या किनाऱ्यावर होडी फुटली आणि वीसहून अधिक जण बुडाले. तारिफाच्या दफनभूमीत निनावी माणसांच्या कबरी आहेत. ट्यूनाच्या वाटेवर जाळं असतं, या माणसांच्या वाटेवर नुसतं पाणी. फेरीत यांचा उल्लेख नव्हता. जेवणाच्या ताटाशी मृत्यू कोण आणणार? तरीही ते चाचा ज्या धक्क्यावर बसले होते, तिथून समोर त्यांचाच किनारा दिसत होता.

हे सगळं मला एवढं का लागलं, तेही सांगतो. मी चाळीस वर्षं मराठीत कविता लिहितो. तरी कविसंमेलनानंतर कुणीतरी प्रेमाने पाठीवर हात ठेवून विचारतंच, ‘तुमची मराठी इतकी चांगली कशी हो?’ विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. त्या मुलीच्याही नव्हतं. मी हसतो आणि म्हणतो, अहो, आईचीच भाषा आहे. पण त्या वेळी मनात येतं, की एका वाक्यात उरकला जाणारा माणूस होणं म्हणजे काय, ते मला थोडं कळतं.

निघताना मी त्या मुलीला एका कागदावर शब्द लिहून दिले. अल्मद्राबा, आतून, मोहामा, अर्राएस. पुढे त्यांचे अरबी मूळ, त्यापुढे आपले जरब, शमा, रईस. तिने कागद नीट वाचला. आजीला दाखवीन म्हणाली, कारण आजीच्या हातचा मोहामा गावात नावाजलेला. मग तिने विचारलं, ‘ते लोक गेले ते कुठे गेले?’ मी बोटाने समुद्रापलीकडचे डोंगर दाखवले. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली.

आता आपल्या कोकणातही अशा फेऱ्या निघू लागल्या आहेत. मासळीचं ताट असतं, बंदर दाखवतात, किल्ला दाखवतात. तुम्ही जाल तेव्हा पोटभर जेवा. पण जाळं कोणी विणलं, होडी कोणी बांधली आणि आज ती माणसं कुठे आहेत, एवढं मात्र वाढणाऱ्याला जरूर विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)