असीरगडचा वेढा
खानदेशातील फारुकी सत्ता संपुष्टात आणणारा मोगलांचा वेढा (१६००–०१). फारुकींची आरंभीची राजधानी थाळनेर (धुळे जिल्हा). पुढे बऱ्हाणपूर व त्यानजीकचा असीरगड (दोन्ही आता मध्य प्रदेशात) ही त्यांची मुख्य ठाणी झाली. दक्षिणेचा मार्ग या गडाच्या टप्प्यात असल्याने १६०० मध्ये अकबर स्वतः बऱ्हाणपुरास आला. मुख्य गड थेट हल्ल्याने पडेना. वर्षअखेरीस बहादूरशाह फारुकी बोलणीसाठी खाली उतरला, तो परतलाच नाही. शिबंदी मात्र जानेवारी १६०१ पर्यंत टिकून राहिली. गडाच्या पाडावाचे कारण मोगल बखरकार रोगराईत शोधतात, तर जेझुइट वृत्तांत विश्वासघात व लाचलुचपतीवर बोट ठेवतो. दोघेही तटस्थ नव्हेत. तथापि राजा शत्रूच्या हाती पडल्यावरही गड झुंजत राहिला, हे पाहता निव्वळ रोगराईचे कारण अपुरे वाटते. बहादूरशाहाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. खानदेश मोगलांचा सुभा बनला आणि शाहजादा दानियाल याच्या नावावरून त्यास काही काळ ‘दानदेश’ म्हणत.