दारूच्या भट्टीतला विद्यार्थी

मास्टर्सला जायचं म्हटलं की हल्ली आमच्या वयाची मंडळी फिरून फिरून दोन शब्दांवर येतात. एक 'इंटरनॅशनल बिझनेस' आणि दुसरा 'डेटा अॅनालिटिक्स'. कॉलेजंही हुशार, त्यांनी दोन्हीची मिसळ करून एकच कोर्स काढलाय. अमेरिका, कॅनडा करून दमलं की गाडी आयर्लंडला लागते. खोटं कशाला बोला, तिथलं एक ब्रोशर माझ्याही डेस्कटॉपवर पडून आहे. पण चार-पाच वर्षांची बचत ओतायची, वर कर्ज काढायचं, तर आपण नक्की काय विकत घेतोय हे तरी बघावं की नाही? म्हणून धंद्यासाठी आकडेशास्त्र शिकायला पहिल्यांदा कोण गेलं, याच्या मागे लागलो. पहिलाच म्हणून कुणावर शिक्का मारणं अवघड आहे, पण जो सापडला तो भन्नाट आहे. आणि गंमत म्हणजे गडी कामाला डब्लिनमध्येच होता.

नाव विल्यम सीली गॉसेट. जन्म 1876 चा, इंग्लंडमधल्या कॅंटरबरीचा. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र केलं आणि 1899 मध्ये डब्लिनच्या गिनेस कंपनीत चिकटला. हो, तीच ती काळी बिअरवाली गिनेस. (1759 मध्ये आर्थर गिनेसने तिथली जागा वर्षाला 45 पौंड भाड्याने घेतली, तीही तब्बल 9000 वर्षांच्या कराराने. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या करारासाठी घरमालक किती छळतो ते आठवा.)

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गिनेस म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या ब्रुअरीजपैकी एक. 1886 मध्ये तिचे शेअर्स बाजारात आले होते. सातू आयर्लंडचे, हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं इंग्लंडच्या केंटमधून आणि थेट अमेरिकेतून, आणि पिणारे जगभर. इतका मोठा कारभार नुसत्या चवीवर आणि वासावर चालत नाही. जुना मुरलेला माणूस हॉप्स हातात चुरगाळून, हुंगून 'चांगलं आहे' म्हणायचा. पण खरेदी एवढी वाढली की असे माणसं तरी किती आणणार? म्हणून कंपनीने 1890 च्या दशकात ऑक्सफर्ड-केंब्रिजमधून सायन्सची हुशार पोरं उचलायला सुरुवात केली. आजच्या भाषेत कॅम्पस प्लेसमेंट.

या पोरांनी मोजायला घेतलं आणि लगेच अडकले. केंटच्या हॉप्सची दहा-बारा सॅम्पल्स तपासली, दुसऱ्या लॉटची तेवढीच. सरासरीत थोडा फरक आला. आता हा फरक खरा समजायचा की योगायोग? खरा असेल तर कुठला माल घ्यायचा ते ठरतं, पैशांचा प्रश्न आहे. पण त्या काळातलं सगळं आकडेशास्त्र शेकड्यांनी-हजारांनी सॅम्पल्स गृहीत धरून चालायचं. भट्टीवाल्याकडे तेवढी कुठून असणार? सातूचा एक प्रयोग म्हणजे एक शेत आणि अख्खं वर्ष.

गॉसेटने 1904 मध्ये कंपनीसाठी एक अंतर्गत रिपोर्ट लिहिला. त्यातला एक हिशोब मला फार आवडतो. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. त्यातून किती साखर उतरते ते मोजायचं आणि चूक अर्ध्या डिग्रीच्या आत ठेवायची. गॉसेट सांगतो: दोन वेळा मोजलंत तर चूक मर्यादेत राहण्याची शक्यता चारास एक. तीन वेळा, सातास एक. चार वेळा, बारास एक. पाच वेळा, एकोणिसास एक. ब्याऐंशी वेळा मोजाल तर खात्रीच समजा. पण आपल्या कामाला दहास एक पुरे, म्हणजे चार वेळा मोजा आणि पुढे चला!

मला यात सगळा बिझनेस अॅनालिटिक्स दिसतो. 'किती अचूक?' याचं उत्तर गणितातून येत नाही, धंद्यातून येतं. पुढे त्याने पत्रात हे स्वच्छ लिहिलंय की किती खात्री हवी ते तीन गोष्टींवर ठरवायचं: निकालाप्रमाणे वागून किती पैसे मिळणार, नव्या पद्धतीचा जादा खर्च किती, आणि एकेका प्रयोगाला किती पडतात.

रिपोर्टमध्ये त्याने असंही सुचवलं की यापुढचं आपल्या आवाक्याबाहेर आहे, कुणा गणितज्ञाला विचारा. त्या काळी हा गणितज्ञ म्हणजे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा कार्ल पिअरसन. 1905 च्या जुलैमध्ये पिअरसन सुट्टीसाठी एका खेडेगावात उतरला होता. गॉसेट सायकल मारत तिथे पोचला आणि शंका विचारून आला. पुढच्या वर्षी, 1906 मध्ये, कंपनीने त्याला वर्षभरासाठी पिअरसनच्या प्रयोगशाळेत शिकायला पाठवलं, पगार चालू ठेवून. पदवी वगैरे घ्यायची नव्हतीच. प्रश्न घेऊन गेला, उत्तर घेऊन आला.

इथे जरा थांबतो, कारण माझं आणि ब्रोशरचं भांडण इथेच आहे. ब्रोशरमध्ये टूल्सची यादी आहे: पायथन, एसक्यूएल, डॅशबोर्ड, मशीन लर्निंग. यातलं निम्मं आपण हापिसात रोज करतो, उरलेलं चार शनिवार-रविवार बसलं तर येतं. गॉसेटकडे जे होतं ते यादीत नाही, कारण ते कॉलेज देऊ शकत नाही. सात वर्षं भट्टीत काढल्यावर पडलेला प्रश्न होता तो. म्हणून बारावीनंतर सरळ रेषेत मास्टर्स गाठणाऱ्यापेक्षा चार-पाच वर्षं सप्लाय चेनचे किंवा बँकेचे डेटाबेस उपसलेला माणूस तिथे जास्त कमावून येईल, असं आपलं माझं मत. फी भरून कॉलेजचं नाव सीव्हीवर येतं आणि नोकरीचा दरवाजा उघडतो हेही खरंच, त्याला मी नाकं मुरडणार नाही. पण मग आपण विकत घेतोय ते नाव, अॅनालिटिक्स नाही. हे निदान स्वतःशी तरी कबूल असावं.

असो. त्या वर्षात गॉसेटने काय केलं?

अडचण अशी होती. सॅम्पल्स थोडी असली की नुसती सरासरीच डळमळीत नसते, आकडे किती पसरलेत याचा आपला अंदाजही डळमळीत असतो. तरीही नेहमीचं कोष्टक वापरलं तर आपण गरजेपेक्षा जास्त खात्रीने बोलतो. मग थोड्या सॅम्पल्ससाठी खरं कोष्टक कुठलं? गॉसेटने गणित मांडलं, आणि ते बरोबर आहे का हे बघायला जे केलं त्याला तोड नाही. 3000 गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी अशी मोजमापं छापून उपलब्ध होती. ती त्याने पुठ्ठ्याच्या 3000 तुकड्यांवर लिहिली, पत्त्यांसारखी पिसली, आणि चार-चारचे 750 गट पाडून प्रत्येक गटाचा हिशोब केला. हाताने! आज आपण पायथनमध्ये एक लूप टाकतो आणि चहाला जातो. त्याचं गणित आणि पत्ते एकमेकांशी जुळले.

हा पेपर 1908 मध्ये 'बायोमेट्रिका' या पिअरसनच्याच नियतकालिकात छापून आला. पण गिनेसच्या नियमाप्रमाणे नोकरांना स्वतःच्या नावाने काही छापायची बंदी होती, धंद्यातली गुपितं फुटतील म्हणून. म्हणून लेखकाचं नाव छापलं 'स्टुडंट'. इंजिनिअरिंगच्या मॅथ्समध्ये आपण सगळ्यांनी जी घोकली ती 'स्टुडंट्स टी-टेस्ट' या माणसाची. पेपरात बिअरचा उल्लेख नाही, उदाहरण आहे ते दहा रुग्णांना दिलेल्या झोपेच्या औषधांचं.

पिअरसनला यात फारसा रस नव्हता. एवढी थोडी सॅम्पल्स वाह्यात भट्टीवालेच घेतात, अशी त्याने एका पत्रात थट्टा केली. महत्त्व ओळखलं ते तरुण रोनाल्ड फिशरने. 1912 मध्ये त्याने गॉसेटला पक्की सिद्धता पाठवली, आणि 1925 च्या त्याच्या पुस्तकामुळे ही टेस्ट जगभर गेली. त्याबरोबर 'पाच टक्के' ही रेघसुद्धा गेली. गॉसेट म्हणत होता पैसे बघून ठरवा; जगाने उचलली ती सरसकट रेघ, कारण ती परीक्षेत विचारता येते. आजही ए/बी टेस्टच्या मीटिंगमध्ये 'सिग्निफिकंट आहे का?' असं विचारतात. 'चुकलो तर किती जातील?' हे क्वचितच.

आणि 'बिग डेटा'वाल्यांसाठी एक किस्सा. 1930 मध्ये स्कॉटलंडच्या लॅनार्कशरमधल्या शाळांत 20,000 मुलांवर प्रयोग झाला. 10,000 मुलांना चार महिने रोज पाऊण पाइंट, म्हणजे साधारण सव्वाचारशे मिली दूध, बाकीच्या 10,000 ना नाही. खर्च सुमारे 7500 पौंड. गॉसेटने 1931 मध्ये त्याची चिरफाड केली. मुलं निवडली चिठ्ठ्या टाकून किंवा आद्याक्षराने, पण एखाद्या गटात धडधाकट किंवा हडकुळी मुलं जास्त वाटली तर बदलायची मुभा शिक्षकांना होती. मास्तरांचं मन ते! हडकुळी, गरीब मुलं दुधाच्या गटात सरकली, आणि दूध न मिळालेला गट सुरुवातीपासूनच वजनदार आणि उंच निघाला. शिवाय वजन कपड्यांसकट, फेब्रुवारीत आणि मग जूनमध्ये. सुखवस्तू घरच्या मुलांचे हिवाळी कपडे उतरले की त्यांचं वजन कागदावर घटणार, गरिबांकडे उतरवायला जाड कपडेच नाहीत. 20,000 ओळींचा डेटा आणि पायाच कलता. गॉसेट म्हणाला, एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या 50 जोड्या घ्या, एकाला दूध द्या, दुसऱ्याला नको. खर्च एक-दोन टक्के, आणि निकाल जास्त भरवशाचा.

1935 मध्ये गिनेसने लंडनच्या पार्क रॉयलमधल्या नव्या ब्रुअरीसाठी गॉसेटला तिकडे हलवलं. त्याच सुमारास, पिअरसनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात, सातारा जिल्ह्यातल्या बुधचा, फर्ग्युसनमध्ये शिकलेला एक मुलगा पीएचडी करत होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. 1936 मध्ये त्यांना पीएचडी मिळाली, 1937 मध्ये गॉसेट वारला, अजून नोकरीत असतानाच. सुखात्मे भारतात परतले आणि पिकाचा अंदाज नमुन्याच्या शेतात प्रत्यक्ष कापणी करून कसा काढायचा, ते बसवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1951 पासून जवळजवळ वीस वर्षं ते रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत होते. पुढे पुण्यात वि. म. दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद झाला. एकाच माणसाचा आहार दिवसागणिक कमी-जास्त होतो, मग सरासरीची रेघ ओढून तिच्याखालचे सगळे उपाशी कसे मोजता, हा त्यांचा मुद्दा. तो वाद मुळातून वाचण्यासारखा आहे, त्याच्यावर पुढच्या शनिवारी.