कॅट-फाइलची कुळकथा

गिट वापरणाऱ्या बहुतेकांचा दिवस ॲड, कमिट, पुश आणि पुल या चार आज्ञांवर भागतो. कॅट-फाइल ही आज्ञा त्यांच्या कामात क्वचितच येते. पण ती गिटच्या पहिल्या दिवसापासूनची आहे, आणि गिट कसं घडलं हे समजून घ्यायचं तर तिच्यापासूनच सुरुवात करावी असं मला वाटतं.

२००२ पासून लिनक्स कर्नलच्या कोडचा कारभार बिटकीपर या खासगी सॉफ्टवेअरवर चालत असे. वापर मोफत होता, पण त्याला स्पर्धा करणारं साधन बनवायचं नाही अशी अट होती. कोड सगळ्यांचा, त्याचा पूर्ण इतिहास पाहायचा तर मात्र कंपनीचंच साधन हवं, ही गोष्ट अनेकांना खटकत होती. ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल यांनी वेगळी वाट शोधली. त्यांनी टेलनेटने बिटकीपर सर्व्हरच्या ५००० क्रमांकाच्या पोर्टशी जोडणी केली आणि ‘हेल्प’ एवढंच टाइप केलं. सर्व्हरने आपल्या आज्ञांची यादी समोर ठेवली. एप्रिल २००५ मध्ये कॅनबेरातल्या लिनक्स परिषदेत त्यांनी हे भर सभेत करून दाखवलं. तोवर याच खटपटीवरून लॅरी मॅकव्हॉय यांच्या बिटमूव्हर कंपनीने मोफत वापर बंद केल्याचं जाहीर केलं होतं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स ट्रिजेल यांच्यावरच नाराज झाले. पण ३ एप्रिलला ते स्वतःचं साधन लिहायला बसले आणि ७ एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच जमा झाला.

त्या पहिल्या कोडमध्ये सात आज्ञा होत्या. ब्रँच नव्हती, मर्ज नव्हतं, पुशही नव्हतं. कॅट-फाइल मात्र होती, अवघ्या २३ ओळींची. तिला चाळीस अक्षरांचा क्रमांक द्यायचा; ती कोठारातली वस्तू उघडून तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायची आणि त्या फाइलचं नाव व वस्तूचा प्रकार छापायची. टोरवाल्ड्स यांनी आधी कोठार बांधलं आणि त्याच दिवशी त्यात डोकावायची खिडकीही ठेवली. ट्रिजेल यांना जे खटपट करून मिळवावं लागलं, ते गिटमध्ये कोणालाही पहिल्यापासून मोकळं होतं. गिटवर माझा विश्वास बसला तो त्याच्या वेगामुळे नव्हे, या मोकळेपणामुळे.

नावातलं ‘कॅट’ युनिक्सकडून आलं. फाइल पडद्यावर ओतणारी ही आज्ञा १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्येही होती. गिटच्या वस्तूंवर मात्र ती चालत नाही. त्या झेडलिबने दाबून ठेवलेल्या असतात, म्हणून नुसतं कॅट केलं तर कचरा दिसतो. कॅट-फाइल दाब काढते, मथळा वेगळा करते आणि मजकूर देते. आज -टी दिलं की प्रकार, -एस दिलं की आकार आणि -पी दिलं की वाचता येईल असा मजकूर मिळतो. वस्तूंचे प्रकार चारच: ब्लॉब (फाइलचा मजकूर), ट्री (फाइलनावांची यादी), कमिट आणि टॅग.

आमच्या जिल्ह्याचंच उदाहरण घेऊ. उस्मानाबादचं धाराशिव करायला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली आणि जिल्ह्याच्या नावाची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघाली. ‘जिल्हा’ नावाच्या फाइलमध्ये ‘उस्मानाबाद’ लिहून कमिट करा, मग तिथेच ‘धाराशिव’ लिहून पुन्हा कमिट करा. नव्या ब्लॉबवर -एस चालवलं की उत्तर येतं २२. ध, काना, र, काना, श, वेलांटी, व ही सात चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, आणि शेवटी नव्या ओळीचा एक. जुन्या ब्लॉबचं उत्तर येतं ३१.

आता ताज्या कमिटवर -पी चालवा. ट्रीचा क्रमांक, पॅरेंटचा क्रमांक, लेखक, १९७० पासून मोजलेले सेकंद, त्यापुढे +०५३० आणि खाली संदेश. पॅरेंटचा क्रमांक उचलून तोच कॅट-फाइलला द्या. त्याची ट्री पाहा. ट्रीमधला ब्लॉब उघडा. ‘उस्मानाबाद’ अख्खं समोर येतं.

गिटची वेगळी वाट इथेच दिसते. मार्क रॉचकाइंड यांचं १९७२ चं एससीसीएस आणि वॉल्टर टिची यांचं आरसीएस ही जुनी साधनं तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीसारखी होती: काय बदललं तेवढं लिहायचं. गिट मात्र विचार करतं तो प्रत्येक वेळी नवा पूर्ण उतारा काढल्यासारखा. जागा वाचवायला पुढे पॅकफाइलमध्ये तेही फरक साठवू लागलं, पण कॅट-फाइल तुमच्या हाती ठेवते ती पूर्ण वस्तूच. शिवाय क्रमांक मजकुरावरूनच निघतो. रिकाम्या फाइलचा क्रमांक तुळजापुरात काढा की पोर्टलंडमध्ये, एसएचए-१ वापरत असाल तर तो ‘ई६९डीई२९’ नेच सुरू होणार. मजकुरात एक मात्रा बदलली तरी क्रमांक बदलतो, त्यामुळे मागच्या मागे कोणाला काही फिरवता येत नाही.

मराठीत काम करणाऱ्याला एक अडचण येते. ट्री उघडली की ‘जिल्हा’ हे फाइलचं नाव ३४० २४४ २३४ अशा आकड्यांच्या माळेत दिसतं. नाव बिघडलेलं नसतं. गिट अशी अक्षरं अष्टमान पद्धतीने छापतं. कोअर.कोटपाथ हे सेटिंग फॉल्स केलं की देवनागरी नीट दिसते. मी ते प्रत्येक नव्या संगणकावर आधी करायला सांगतो.

जुनं नाव कोठारात राहतं ते मात्र कुठली तरी कमिट त्याच्याकडे बोट दाखवते तोवरच. इतिहास स्वच्छ दिसावा म्हणून रीबेसने जुन्या कमिट पुन्हा लिहिल्या, तर जुना ब्लॉब पोरका होतो. रीफ्लॉग या गिटच्या नोंदवहीतल्या नोंदींची मुदत संपली की जीसी ही आज्ञा दोन आठवड्यांहून जुन्या पोरक्या वस्तू काढून टाकते. गावांच्या, शाळांच्या, धरणांच्या याद्या सांभाळणाऱ्यांनी निदान अशा रिपॉझिटरीत रीबेसचा मोह टाळावा. चूक झालीच असेल तर जीसी चालण्याआधी एफएससीके आज्ञा --लॉस्ट-फाउंडसह चालवावी. ती पोरक्या वस्तूंचे क्रमांक काढून देते, आणि ते एकेक करून कॅट-फाइलने उघडता येतात.