ऊतक-ऑक्सिजन संवेदक, अंतःस्थापित
ऊतकांतील (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहांतील) ऑक्सिजनाचा दाब दीर्घकाळ मोजत राहण्यासाठी शरीरात बसविलेले साधन. १५ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत महाराष्ट्रभर, शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांतही, आरोग्य पथकांनी बोटाला चिमट्यासारखे यंत्र लावून ऑक्सिजन तपासला. ते यंत्र रोहिणीतील रक्ताच्या हीमोग्लोबिनाची संपृक्तता दाखविते. तो ऑक्सिजन पेशींपर्यंत पोहोचला की नाही, हे त्यावरून कळत नाही. मधुमेही रुग्णाच्या बोटावर आकडा ९८ दिसत असताना, रोहिण्या अरुंद झाल्याने, त्याच्याच पायाचे ऊतक ऑक्सिजनावाचून मरू लागलेले असू शकते.

फिलिप डेव्हिस व फ्रँक ब्रिंक यांनी १९४२ मध्ये प्लॅटिनमच्या सूक्ष्म विद्युत् अग्रांनी प्राण्यांच्या ऊतकांतील ऑक्सिजन मोजला. अग्राशी ऑक्सिजनाचे क्षपण होताना वाहणारा प्रवाह त्याच्या दाबाच्या प्रमाणात असतो, हे यामागील तत्त्व होय. परंतु उघड्या अग्रावर प्रथिनांचा थर बसून वाचन बिघडे. अमेरिकन शास्त्रज्ञ लीलंड क्लार्क हे रक्तात ऑक्सिजन मिसळणारे यंत्र तयार करीत होते. त्यातील रक्तात ऑक्सिजन किती, हे दाखविता न आल्याने त्यांचा निबंध परत आला, असे सांगतात. १९५४ मध्ये त्यांनी ऋणाग्र व धनाग्र दोन्ही एकाच पातळ पटलामागे बसविले. ऑक्सिजन पटलातून आत जाई, प्रथिने बाहेर राहत. हे अग्र १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. शरीरात दीर्घकाळ ठेवलेल्या अग्रांविषयीचा त्यांचा व सहकाऱ्यांचा निबंध १९५८ चा आहे.

यापुढची अडचण अधिक चिवट ठरली. शरीर परक्या वस्तूभोवती तंतुमय कोश निर्माण करते. त्यात केशवाहिन्या विरळ असल्याने संवेदक ऊतकाऐवजी कोशातीलच ऑक्सिजन मोजू लागतो. शिवाय विद्युत् अग्र स्वतःही थोडा ऑक्सिजन खर्च करते. तरीही डेव्हिड गॉफ व सहकाऱ्यांचा ग्लुकोज व ऑक्सिजन मोजणारा संवेदक डुकराच्या शरीरात ५२० दिवस चालला (२०१०).

दुसरा मार्ग प्रकाशाचा. ऑक्सिजनामुळे रंजकांची दीप्ती मंदावते, हे हान्स काउट्स्की यांनी १९३० च्या दशकात अभ्यासिले. १९८७ मध्ये जेन व्हँडरकुई, डेव्हिड विल्सन इत्यादींनी त्यावर जैव मापनपद्धती उभारली. हीत ऑक्सिजन खर्ची पडत नाही म्हटले तरी चालेल. प्रोफ्यूसा या अमेरिकन कंपनीने असे रंजक मऊ, सच्छिद्र जेलमध्ये गुंफले. छिद्रांत पेशी व केशवाहिन्या वाढाव्यात आणि कोश बनू नये, ही त्यामागील कल्पना. काही मिमी. लांबीचा हा तंतू त्वचेखाली बसवून वर लावलेल्या वाचकाने वाचतात. त्याला २०१६ मध्ये यूरोपात मान्यता मिळाली. त्वचेतून प्रकाश फार खोल जात नसल्याने मेंदूच्या दुखापतीत मात्र तारेने जोडलेली क्लार्क पद्धतीची अग्रे काही दिवसांपुरती वापरतात.