पन्हळीची कुळकथा

पावसाळा तोंडावर आला की माटुंग्यात एक काम हमखास निघतं. किंग्ज सर्कलच्या आसपासच्या जुन्या आर्ट डेको इमारतींच्या भिंतींवरून गच्चीचं पाणी खाली आणणारे बिडाचे पाइप तपासून घेतात. सांधे भरतात, तोंडाशी रुजलेली पिंपळाची रोपं उपटतात. या पाइपाला इंग्रजीत डाउनपाइप म्हणतात. गावाकडच्या पन्हळीचं हे शहरात येऊन उभं राहिलेलं भावंड.

आमच्या इमारतीत हे काम चालू होतं त्याच रविवारी माझा भाचा त्याची पोलो गाडी घेऊन आला आणि म्हणाला, ‘मामा, डाउनपाइप बदलायचाय.’ नाव एक, वस्तू दोन. काम मात्र दोघांचं सारखंच: घराला नको असलेलं वाट करून खाली उतरवायचं. गाडीतला हा पाइप टर्बोच्या तोंडाशी सुरू होतो आणि जळका वायू गाडीच्या पोटाखाली आणून सोडतो. आपण टर्बोपासून मागच्या टोकापर्यंतच्या सगळ्या नळकांड्याला सरसकट सायलेन्सर म्हणतो, म्हणून हा हात-दीड हाताचा तुकडा ओळखीचा नसतो. बाजारात मात्र तो डझनभर प्रकारांत मिळतो. त्यातला कोणता घ्यावा, यावर मामा-भाच्यांची दुपार गेली. मला मनापासून वाटतं की, आधी या पाइपाचं कूळ समजून घ्यावं आणि मग पैसे मोजावेत.

या कुळाचा मूळ पुरुष वाफेच्या इंजिनात सापडतो. १८०४ मध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी वेल्समध्ये रुळांवर इंजिन चालवलं, तेव्हा सिलिंडरात काम करून झालेली वाफ त्यांनी धुराड्यात सोडली. ती वर उसळताना भट्टीतला धूर आपल्याबरोबर ओढून नेई, मागून ताजी हवा आत शिरे आणि विस्तव फुले. टाकून द्यायच्या वाफेतही काम शिल्लक असतं, हे त्यातून दिसलं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा लोकांनी ऐकलेली भकभक याच वाफेची. ही वाफ धुराड्यात सोडणाऱ्या नळीचं तोंड अरुंद केलं की ओढ वाढायची, पण सिलिंडरवर उलटा दाब यायचा. रुंद केलं की दाब उतरायचा आणि विस्तव मंदावायचा. परळच्या रेल्वे वर्कशॉपात ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या इंजिनं दुरुस्त केली, त्यांना हा पेच नवा नव्हता. माझ्या भाच्यापुढेही हाच पेच होता, फक्त इंजिन बदललं होतं.

पुढची पिढी स्वित्झर्लंडची. तिथले अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांना एक गोष्ट सलत होती: इंधनातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा धुराबरोबर वाया जातो. त्यांनी धुराच्या वाटेत एक चक्र बसवायची कल्पना मांडली. धूर ते फिरवणार, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरणार. हाच टर्बो. १९०५ मध्ये त्यांना पेटंट मिळालं, पण कल्पना उपयोगात यायला वीस वर्षं लागली. ‘प्रॉइसेन’ आणि ‘हान्सेस्टाट डान्त्सिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांची ताकद टर्बोमुळे १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. मोटारींपर्यंत टर्बो १९६२ मध्ये अमेरिकेत पोहोचला. आपल्या रस्त्यांवर तो आधी डिझेल गाड्यांतून रुळला. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने १.२ लिटरची, १०५ पीएसची पोलो जीटी टीएसआय आणली आणि पेट्रोल-टर्बोची गोडी कॉलेजच्या पोरांपर्यंत गेली. चाकणच्या कारखान्यात जन्मलेली ही गाडी मुंबई-पुण्यातल्या हौशी मंडळींची लाडकी झाली.

टर्बो आल्यावर पाइपाचं शास्त्रच पालटलं. साध्या इंजिनात धुराचे झटके एकामागून एक सुटतात आणि पाइपाची लांबी-रुंदी जमली तर एक झटका पुढच्याला ओढून नेतो. म्हणून जुने मेकॅनिक सांगत, ‘फार मोठा पाइप लावू नका, बॅकप्रेशर पाहिजे.’ टर्बोच्या पुढे मात्र हे लागू नाही. तिथवर येताना झटक्यांचा जोर बराचसा चक्रातच खर्ची पडलेला असतो. चक्र फिरतं ते अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकावर. औरंगाबादची पाणचक्की डोळ्यांपुढे आणा. चक्राखालचं पाणी झरझर वाहून गेलं नाही, तिथेच तुंबलं, तर वरून कितीही धार सोडली तरी चक्र जडच फिरणार. मोकळ्या डाउनपाइपचं सगळं आकर्षण यातच आहे: टर्बो लवकर जागा होतो आणि वेग धरतो.

मग कंपनी अरुंद, वाकडातिकडा पाइप का देते? याचं उत्तर कुळाच्या दुसऱ्या शाखेत आहे. लॉस एंजेलिसचं धुरकट आकाश पाहून फ्रान्सहून अमेरिकेत गेलेले यूजीन हूड्री मोटारींचा धूर शुद्ध करण्याच्या मागे लागले. त्यांचं उपकरण म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. ते रस्त्यावर यायला पेट्रोलमधलं शिसं आडवं आलं, कारण शिशाने ते निकामी व्हायचं. शिसं नसलेलं पेट्रोल आलं तेव्हा त्याचा मार्ग मोकळा झाला. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. मेकॅनिक त्याला नुसतं ‘कॅट’ म्हणतात.

हा कॅट गार असेपर्यंत काम करत नाही. अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापला की तो जागा होतो. सकाळी गाडी सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटं धूर तसाच बाहेर पडतो. ती मिनिटं कमी करायची म्हणून कंपन्यांनी कॅट इंजिनाच्या जवळ आणला, आणि टर्बोच्या गाडीत तो थेट डाउनपाइपच्या तोंडाशी येऊन बसला. कंपनीचा पाइप चोंदल्यासारखा वाटतो, त्यामागे हे कारण आहे.

भाच्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये असा एक काढलेला पाइप मी हातात घेतला. टर्बोकडचं तोंड काजळीने काळं, मध्ये पोट फुगलेलं. आत बॅटरीचा उजेड टाकला तर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसली. एका चौरस इंचात चारशेच्या आसपास भोकं, आणि भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप. या जाळीतून जाताना विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, नायट्रोजनची ऑक्साइडं फुटून साधा नायट्रोजन उरतो. एवढीशी जाळी केवढं काम करते, हे पाहून हात जरा जपूनच हलला.

हे कूळ कळलं की निवड सोपी होते. बाजारात दोन गट आहेत. ‘डीकॅट’ म्हणजे जाळी काढून टाकलेला सरळ पाइप, आणि ‘हायफ्लो’ म्हणजे चौरस इंचाला दोनशेच्या आसपास भोकं असलेली मोकळी जाळी. व्यासाचं गणित घरी करून पाहा: दोन इंचाचा अडीच इंच केला की वायूला मिळणारी जागा दीडपटीहून जास्त होते. १.२ लिटरच्या छोट्या इंजिनाला एवढी ऐसपैस जागा पुरते. तीन इंची पाइपाने तिथे आवाज वाढतो आणि गतिरोधकावर पोट घासायची भीती वाढते.

धातू चुंबकाने तपासा. ३०४ जातीच्या स्टेनलेसला चुंबक सहसा चिकटत नाही, स्वस्त ४०९ ला चिकटतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत ३०४ जास्त टिकतं, पण तापून प्रसरणही जास्त पावतं. म्हणून पाइपात जाळीदार, लवचीक तुकडा (फ्लेक्स) हवाच, नाहीतर सगळा ताण वेल्डिंगवर येऊन तडे जातात. वाकणात बोट घालून पाहा: गोलाई शाबूत असली तर ठीक, चेपली असली तर मोठ्या व्यासाचा फायदा त्या वळणावरच संपला. आर्गन वेल्डिंगची रेघ आतूनही गुळगुळीत हवी. ऑक्सिजन सेन्सरच्या दोन्ही जागा कंपनीच्याच ठिकाणी हव्यात.

कायद्याची बाजूही नीट माहीत असावी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला आडकाठी करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. कलम १९०(२) खाली आवाजाचं किंवा धुराचं प्रमाण मोडलं तर दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कॅट उखडलेली गाडी रस्त्यावर आणणं म्हणूनच सरळसरळ चूक आहे. शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर नेण्यापुरतीच गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

मला मात्र कायद्यापेक्षा पन्हळीचा संकेत जास्त जवळचा वाटतो. गावाकडे घर बांधताना पागोळ्यांचं पाणी आपल्याच हद्दीत पडलं पाहिजे, शेजाऱ्याच्या अंगणात नाही, ही पहिली अट असते. त्यावरून भाऊ-भाऊ कोर्टात गेले आहेत. माटुंग्यात तर गाडी सुरू केल्यावर पहिल्या वळणापर्यंत एखादी शाळा नाहीतर कॉलेज लागतं, पाच बागांत म्हातारी माणसं फेऱ्या मारत असतात. आपल्या इंजिनाला मोकळा श्वास मिळावा ही हौस चांगलीच आहे, पण या पन्हळीचं तोंड त्यांच्या अंगणात उघडतं.

भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याने आधी थोडी कुरकुर केली, मग तो भिंतीवरच्या बिडाच्या पाइपाकडे बघत बसला. प्लंबरने वरून बादलीभर पाणी ओतून पाहिलं. ते खळखळत खाली आलं आणि आमच्याच गटारात गेलं. भाच्याने कंपनीचा पाइप तसाच ठेवला.