प्रणाली आणि यंत्र : ‘हॅकिंटॉश’च्या इतिहासाचे विवेचन

१. विषयप्रवेश

संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, आणि ती ज्या यंत्रावर चालते ते यंत्र यांचा परस्परसंबंध कोणत्या स्वरूपाचा असतो, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अभियंत्यांचा वाटतो. परंतु गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास तपासला असता तो तितकाच व्यापाराचा आणि कायद्याचाही आहे, असे दिसून येते. अमुक प्रणाली अमुक यंत्रावरच चालते, असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ‘चालू शकते’ आणि ‘चालू दिली जाते’ या दोन भिन्न विधानांची गल्लत होत असते.

ही गल्लत उकलण्यास अमेरिकेतील ॲपल कंपनीच्या मॅक प्रणालीचा इतिहास विशेष उपयोगी आहे. यंत्र आणि प्रणाली ही एकच वस्तू मानून विकण्याचे धोरण या कंपनीने, एका अल्पकाळाचा अपवाद वगळता, सातत्याने चालविले. उलट, २००५ नंतर हौशी मंडळींनी बाजारातील सुटे भाग जुळवून तयार केलेल्या संगणकांवर तीच प्रणाली चालवून दाखविली. ‘हॅक’ आणि ‘मॅकिंटॉश’ या दोन शब्दांच्या संयोगाने अशा यंत्रास ‘हॅकिंटॉश’ हे नाव पडले. या घटनेकडे कोणी चौर्य म्हणून पाहतात, तर कोणी चातुर्य म्हणून. दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत. प्रणालीला यंत्राशी बांधणारे बंधन तीन कालखंडांत तीन वेगवेगळ्या ठिकाणी होते, हे ध्यानात घेतल्यावाचून या इतिहासाचा अर्थ लागत नाही.

२. पूर्वपीठिका : रॉममधील बंधन

१९८४ मध्ये मॅकिंटॉश बाजारात आला, तेव्हा त्याच्या प्रणालीचा मोठा भाग ६४ किलोबाइटच्या रॉममध्ये, म्हणजे कायम कोरलेल्या स्मृतीत, साठविलेला होता. पडद्यावरील खिडक्या, मेनू आणि आकृत्या रेखाटण्याच्या आज्ञा तेथेच होत्या. अर्थात रॉमवाचून नुसती चकती निरुपयोगी होती. रॉमची नक्कल करण्याचा मार्गही एक वर्ष आधीच बंद झाला होता. ॲपल विरुद्ध फ्रँकलिन या खटल्यात अमेरिकेच्या तिसऱ्या विभागीय अपील न्यायालयाने १९८३ मध्ये असा निर्णय दिला होता की, रॉममध्ये कोरलेल्या कार्यप्रणालीलाही प्रताधिकाराचे संरक्षण आहे.

समकालीन आयबीएम पीसीची गोष्ट निराळी होती. तिच्यातील बायॉस हा रॉममधील भाग तुलनेने लहान होता. एका गटाने त्याचे कार्य अभ्यासून टिपावे आणि मूळ आज्ञावली न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने नवी आज्ञावली लिहावी, या रीतीने कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी त्याला कायदेशीर पर्याय निर्माण केला. मायक्रोसॉफ्टची प्रणाली सर्वांनाच विकत मिळत असल्याने समधर्मी यंत्रांचा मोठा व्यापार उभा राहिला. मॅकच्या बाबतीत मात्र अस्सल रॉम मिळवून ती दुसऱ्या यंत्रात बसविणे एवढाच मार्ग उरला. अटारी एसटी या संगणकासाठी निघालेले ‘मॅजिक सॅक’ हे उपकरण आणि १९८९ मधील ‘आउटबाउंड’ हा सुवाह्य संगणक ही त्याची उदाहरणे होत. हॅकिंटॉशचे पूर्वज म्हणून त्यांची नोंद घेणे आवश्यक आहे.

बंधन तांत्रिकदृष्ट्या अटळ होते काय, याचे उत्तर ॲपलच्याच प्रयोगशाळेत मिळाले. १९९२ मध्ये नॉव्हेल कंपनीच्या साहाय्याने ‘स्टार ट्रेक’ या नावाच्या प्रकल्पात मॅक प्रणाली इंटेलच्या ४८६ प्रोसेसरवर चालवून दाखविण्यात आली. पुढील वर्षी तो प्रकल्प गुंडाळला गेला. त्यानंतर, १९९४ च्या अखेरीपासून, कंपनीने इतरांना परवाने देण्याचा प्रयोग केला आणि पॉवर कॉम्प्युटिंग, युमॅक्स, मोटोरोला आदींनी अधिकृत समधर्मी यंत्रे काढली. बाजारपेठ विस्तारेल ही अपेक्षा होती. परंतु नव्या विक्रेत्यांनी ॲपलच्याच अधिक नफ्याच्या ग्राहकांना आपल्याकडे ओढले. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्झ यांनी हा प्रयोग बंद केला. परवाने प्रणालीच्या सातव्या आवृत्तीपुरते होते. ७.७ म्हणून योजिलेली आवृत्ती जुलै १९९७ मध्ये ‘मॅक ओएस ८’ या नावाने प्रसिद्ध झाली, आणि केवळ क्रमांक बदलल्याने परवान्यांची व्याप्ती संपुष्टात आली. पॉवर कॉम्प्युटिंगचा मॅक व्यवसाय ॲपलने १० कोटी डॉलर किमतीचे समभाग देऊन विकत घेतला. येथे यंत्राच्या रचनेत कोणताही बदल झाला नव्हता. जो बदल झाला तो हिशेबाच्या वहीत झाला होता.

३. इंटेलचे पर्व

डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलने जॉब्झ यांची नेक्स्ट ही कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले. तिची नेक्स्टस्टेप ही प्रणाली १९९३ पासूनच इंटेल प्रोसेसरवर चालत होती. २००१ मध्ये आलेली मॅक ओएस एक्स ही तिचीच वंशज होय. तिचा पायाभूत स्तर ‘डार्विन’ या नावाने १९९९ पासून खुला करण्यात आला होता. ही घटना पुढे निर्णायक ठरली.

६ जून २००५ रोजी जॉब्झ यांनी मॅक यंत्रे इंटेल प्रोसेसरवर नेण्याची घोषणा केली. मॅक ओएस एक्सची प्रत्येक आवृत्ती पाच वर्षे गुप्तपणे इंटेलसाठीही तयार होत होती, हे त्यांनी तेव्हा उघड केले. आज्ञावलीकारांना ९९९ डॉलर घेऊन, परत करण्याच्या अटीवर, पेंटियम ४ प्रोसेसर असलेली यंत्रे देण्यात आली. काही आठवड्यांतच त्यांतील प्रणालीच्या प्रती बाहेर फुटल्या आणि साध्या पीसीवर चालू लागल्या. मॅक यंत्रावर विंडोज चालविण्यास आडकाठी करणार नाही, मात्र मॅक ओएस एक्स अन्य यंत्रांवर चालू देणार नाही, अशी भूमिका कंपनीच्या वतीने फिल शिलर यांनी घोषणेच्या वेळीच मांडली होती. जानेवारी २००६ मध्ये पहिली इंटेल मॅक यंत्रे आली. यानंतर मॅक आणि पीसी यांचे प्रोसेसर, स्मृती, चकत्या हे सारे घटक एकाच बाजारातले झाले. रॉममधील जुने बंधन आता उरले नव्हते.

४. बंधनाचे स्वरूप आणि ते ओलांडण्याच्या रीती

मग अडथळा कशाचा होता? तो तीन प्रकारचा होता. पहिला, मॅक यंत्रे बायॉसऐवजी ईएफआय या नव्या रचनेने सुरू होत. दुसरा, फाइंडर, डॉक यांसारखे आवश्यक भाग सांकेतिक रूपात बंद केलेले असत, आणि त्यांची किल्ली यंत्रातील एसएमसी या नियंत्रक घटकात ठेवलेली असे. ती मागून घेणाऱ्या प्रणालीच्या भागाचे नावच ‘मॅक ओएस एक्स चोरू नका’ अशा अर्थाचे होते. ही किल्ली सर्व यंत्रांत एकच होती, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. जी किल्ली प्रत्येक घरात सारखीच असते, ती कुलपापेक्षा सूचनाफलकाचेच काम अधिक करते. तिसरा अडथळा असा की, ॲपलने स्वतः वापरलेल्या भागांचेच ड्रायव्हर प्रणालीत समाविष्ट होते.

या अडथळ्यांवर मात करण्याच्या रीतींत दोन अवस्था स्पष्ट दिसतात. प्रथमावस्थेत प्रणालीच्याच फायलींत फेरफार करून बदललेल्या प्रती वाटल्या जात. अशा वाटपाने प्रताधिकाराचा भंग उघडच होत होता. शिवाय कंपनीची प्रत्येक सुधारित आवृत्ती ते फेरफार पुसून टाकीत असे. दुसरी अवस्था २००७ च्या सुमारास सुरू झाली. डेव्हिड एलियट यांनी डार्विनबरोबर खुल्या झालेल्या ‘बूट-१३२’ या प्रारंभक आज्ञावलीचा आधार घेतला. त्यातून असा मार्ग निघाला की, प्रणालीला हात न लावता, ती सुरू होण्यापूर्वीच तिच्यापुढे ईएफआयसारखी माहिती मांडावयाची आणि एसएमसीचा आभास निर्माण करावयाचा. कॅमेलियन, क्लोव्हर आणि २०१९ मध्ये आलेला ओपनकोर ही याच परंपरेतील साधने होत. ग्रंथाची संहिता बदलणे आणि संहिता जशीच्या तशी ठेवून तिच्यावर भाष्य रचणे यांत जो भेद आहे, तोच या दोन अवस्थांत आहे.

या भाष्यासाठी करावे लागलेले श्रम क्षुल्लक नव्हते. प्रत्येक मदरबोर्ड आपल्यावरील उपकरणांचे वर्णन एसीपीआय या कोष्टकांत करतो. बहुधा विंडोज डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या या कोष्टकांतील नावे व रचना मॅक प्रणालीला उमगत नसत. म्हणून डीएसडीटी हे मुख्य कोष्टक यंत्रातून काढून, वाचनीय भाषेत उलगडून, दुरुस्त करून पुन्हा बांधावे लागे. ध्वनीच्या बाबतीत तर चिप ओळखीची असूनही तिची कोणती तार कोणत्या छिद्राला जोडली आहे, हे बोर्डागणिक बदले. चित्रपट्टाच्या कार्डाचेही तेच. संगणक झोपेतून उठत नाही, या एका तक्रारीच्या मुळाशी जाता जाता अनेक हौशी विद्यार्थी यंत्ररचनेच्या अशा स्तरापर्यंत पोहोचले, जेथे नित्याच्या अभ्यासक्रमात क्वचितच कोणी उतरतो.

येथे एक विरोधाभास नोंदविला पाहिजे. स्वातंत्र्यासाठी स्वतः जुळविलेले हे यंत्र जितके निर्दोष करावयाचे, तितके ते ॲपलच्या एखाद्या अधिकृत यंत्रासारखे होत जाई. प्रणालीपुढे ते मॅकच्याच एखाद्या नमुन्याचे नाव धारण करी. २०१८ च्या मोजावे आवृत्तीत एनव्हिडियाच्या नव्या कार्डांना ड्रायव्हर मिळाले नाहीत, तेव्हा ती कार्डे घेणाऱ्यांची निवडही निष्फळ ठरली. म्हणजे यंत्र कोणते घ्यावे हे ठरविणारी सत्ता मालकाकडे पूर्णपणे कधीच आली नाही.

५. न्यायालयीन निर्णय

एप्रिल २००८ मध्ये फ्लॉरिडा राज्यातील सायस्टार या कंपनीने मॅक प्रणाली बसविलेले आपले संगणक विक्रीस काढले आणि हा विषय घराबाहेर पडून बाजारात आला. जुलैमध्ये ॲपलने कॅलिफोर्नियात दावा दाखल केला. प्रत्येक यंत्राबरोबर आपण प्रणालीची विकत घेतलेली चकती देतो, असा सायस्टारचा बचाव होता. तथापि प्रत्यक्षात ती कंपनी एक आदर्श प्रत तयार करून, तीत आपला प्रारंभक घालून, तिच्या नकला यंत्रांवर उतरवीत असे. न्यायाधीश विल्यम ऑलसप यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये ॲपलच्या बाजूने निर्णय दिला आणि डिसेंबरमध्ये कायमची मनाई केली. २०११ मध्ये नवव्या विभागीय अपील न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. ॲपलच्या यंत्रापुरतीच प्रणाली वापरावी, ही परवान्यातील अट प्रताधिकाराचा गैरवापर ठरत नाही, कारण त्या अटीमुळे प्रतिस्पर्ध्याला स्वतःची प्रणाली रचण्यास कोणतीही मनाई होत नाही, असे त्या न्यायालयाचे प्रतिपादन होते.

या निर्णयाने एक गोष्ट निश्चित झाली. मधल्या कालखंडात बंधन यंत्रात नसून करारात होते, आणि न्यायालयाने त्या कराराला बळ दिले. विक्रेता त्यामुळे थांबला. घरातील प्रयोग मात्र पुढेही वर्षानुवर्षे वाढतच राहिले. कारण कराराची सत्ता बाजारात जशी चालते, तशी माणसाच्या अभ्यासाच्या मेजावर चालत नाही.

६. उपसंहार

या पर्वाचा शेवट न्यायालयाने केला नाही. २२ जून २०२० रोजी ॲपलने मॅकसाठी स्वतःचे प्रोसेसर वापरण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात एम १ चिप असलेली यंत्रे बाजारात आणली. जून २०२५ मध्ये असे घोषित झाले की, ‘टाहो’ ही आवृत्ती इंटेल मॅक यंत्रांसाठी शेवटची होय. ज्या चिपसाठी पुढील प्रणाली लिहिली जाणार, ती सुट्या स्वरूपात बाजारात मिळतच नाही. अशा रीतीने बंधन रॉममधून करारात आणि करारातून पुन्हा सिलिकॉनमध्ये गेले.

परंतु मिळविलेले ज्ञान प्रणालीबरोबर संपत नाही. परक्या यंत्रांसाठी घडविलेल्या ओपनकोरच्याच आधारे ‘ओपनकोर लेगसी पॅचर’ हे साधन तयार झाले, आणि ॲपलनेच बनविलेल्या पण तिनेच वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या मॅक यंत्रांवर नव्या आवृत्त्या चालू लागल्या. यांतील कित्येक यंत्रांचे प्रोसेसर आणि स्मृती काम करण्यास समर्थ होत्या. कालबाह्य ठरली होती ती केवळ त्यांची मान्यता. उलट दिशेने, मार्च २०२२ मध्ये असाही लिनक्सची पहिली चाचणी आवृत्ती निघाली आणि एम १ च्या यंत्रांवर परकी प्रणाली चालू लागली.

या उदाहरणांवरून हा इतिहास एका कंपनीपुरता राहत नाही, हे स्पष्ट होईल. विकत घेतलेल्या यंत्राचे आयुष्य किती असावे, हे धातू आणि सिलिकॉन यांची झीज ठरवते की विक्रेत्याची यादी ठरवते, हा प्रश्न त्यातून पुढे येतो. ‘या यंत्रावर ही प्रणाली चालत नाही’ या वाक्याला कर्ता नसतो. हॅकिंटॉशच्या इतिहासाने त्या वाक्याचा कर्ता शोधून दाखविला, आणि हेच त्याचे चिरस्थायी मोल आहे.